दुर्गभ्रमंतीसाठी डीएसएलआर सोडून कॉम्पॅक्ट कॅमेरा घ्यावा का?

कातळपायरी

नमस्कार मंडळी,

मी नाशिकला इंदिरानगर भागात राहतो आणि गेली अकरा वर्षे जमेल तसे जिल्ह्यातले किल्ले फिरतो आहे. माझ्याकडे निकॉनचा डी७२०० हा डीएसएलआर, म्हणजे लेन्स बदलता येणारा मोठा कॅमेरा आहे. बॅटरी आणि कार्ड धरून त्याचे वजन ७६५ ग्रॅम, त्याच्यावरच्या १८-१४० लेन्सचे ४९० ग्रॅम आणि ७०-३०० लेन्सचे ७४५ ग्रॅम. म्हणजे पाणी, डबा आणि दोर यांच्याआधीच सॅकमध्ये बरोबर दोन किलो जातात. आजवर मी त्याबद्दल कुरकुर केली नाही, कारण चांगल्या छायाचित्रासाठी एवढे ओझे वाहायचेच, असे मी धरून चाललो होतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही निरगुडपाड्याहून हरिहर चढलो. ज्यांनी तो गड केला आहे त्यांना ठाऊक असेल की कातळात खोदलेल्या त्या उभ्या पायऱ्यांवर दोन्ही हात पायरीच्या कडेच्या खोबण्यांत असतात आणि पाठीवरच्या सॅकला हात लावण्याचा प्रश्नच येत नाही. अर्ध्या जिन्यावर असताना माझ्या पुढे चढणाऱ्या भाचीने सहज मान वळवून खाली पाहिले; तिच्या चेहऱ्यावर उन्हाची तिरीप होती आणि मागे सगळी दरी धुक्याने भरलेली होती. कॅमेरा सॅकमध्ये होता. घरी येऊन मोजले तर पायथ्याची आणि माथ्याची मिळून २१४ छायाचित्रे निघाली आणि ज्या जिन्यासाठी लोक हरिहरला जातात, त्या जिन्यावरचे एकही नव्हते.

तेव्हापासून कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा विचार मनात घोळतो आहे. ज्यांनी प्रत्यक्षात हा बदल केला आहे, त्यांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत. पहाटेच्या आणि लेण्यांमधल्या अपुऱ्या प्रकाशात त्याचे कसे चालते? आपल्याकडची धूळ आणि त्र्यंबक-इगतपुरीकडचा पाऊस त्याला सोसतो का? आणि मी दर दिवाळीला एक छायाचित्र १२ बाय १८ इंचांवर छापून भिंतीवर लावतो, तेवढा आकार त्यातून मिळेल का?

पहाटवारा

मी चार वर्षांपूर्वी हाच बदल केला आणि परत फिरावेसे वाटले नाही. माझ्याकडे एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चकती), तीनशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा कॅमेरा आहे. तो सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याला अडकवलेल्या लहान पाऊचमध्ये असतो आणि त्याची दोरी मनगटात असते. रतनगडच्या नेढ्यात, म्हणजे कातळातल्या आरपार भोकात, वारा अंगावर घेत उभी असताना एका हाताने कॅमेरा काढून, सुरू करून, छायाचित्र घेऊन परत ठेवायला मला दहा सेकंदही लागले नाहीत. डीएसएलआरच्या काळात मी तिथे सॅक उतरवायला बसले असते आणि तोवर ढग निघून गेला असता.

उणिवाही सांगते. माझ्या कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावून पाहायची खिडकी, नाही, त्यामुळे दुपारच्या उन्हात पडदा जवळजवळ दिसत नाही आणि अंदाजाने चौकट धरावी लागते. बॅटरीही लहान असते. दोन दिवसांच्या भटकंतीला मी तीन बॅटऱ्या नेते.

छपाईचे मात्र निश्चिंत असा. वीस मेगापिक्सेलचा कॅमेरा सहसा ५४७२ बाय ३६४८ पिक्सेलचे चित्र देतो. दर इंचाला ३०० बिंदू धरले तरी तुमचा १२ बाय १८ चा कागद पुरता भरतो.

जुनी_लेन्स

मला हा उत्साह थोडा आवरावासा वाटतो. कातळपायरी, तुमच्या हातून छायाचित्र निसटले ते कॅमेरा मोठा होता म्हणून नव्हे, तर तो पाठीवर होता म्हणून. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मोठ्या सेन्सरचा उपयोग चित्र लहान आकारात पाहताना कळत नाही. डोंगरातल्या चित्रात एकीकडे लखलखते आकाश आणि दुसरीकडे सावलीतला काळा कातळ असतो; रॉ फाइलमधून (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलमधून) त्या कातळाचा पोत उजळून वर काढायचा ठरवला की लहान सेन्सर लवकर हात टेकतो आणि सावलीत रंगीत कणी दिसू लागते. शिवाय डोळ्याला टेकवलेला कॅमेरा तीन ठिकाणी आधार घेतो, दोन हात आणि कपाळ. हात लांब करून धरलेल्या डबीला तो आधार नसतो. घामेजलेल्या हातात ती निसटतेही लवकर.

माझी सूचना अशी की दोन्ही झूम घरी ठेवा आणि ३५ मिमी एफ/१.८ ही एकच लेन्स घेऊन एक गड करून पाहा. ती केवळ २०० ग्रॅमची आहे. एकूण वजन ९६५ ग्रॅम होईल, म्हणजे निम्म्याहून कमी. कॅमेरा गळ्यात राहील आणि नवीन खर्चही होणार नाही.

सॅक_आणि_दोर

जुनी_लेन्स यांच्या ज्ञानाबद्दल आदर ठेवूनही, गळ्यात कॅमेरा घालून हरिहर चढण्याच्या सल्ल्याला मला स्पष्ट विरोध करावा लागेल. मी बरीच वर्षे लोकांना गडांवर नेतो आहे. उभ्या जिन्यावर आपण कातळाकडे तोंड करून चढतो आणि उतरतानाही बहुतेकांनी तसेच उतरावे. अशा वेळी छातीवर लोंबणारा एक किलोचा कॅमेरा अंग आणि कातळ यांच्या मध्ये येतो, आपल्याला कातळापासून बाहेर ढकलतो आणि पाय कुठल्या पायरीवर पडतो आहे तेही दिसू देत नाही. पुढे झुकलो की तो झोका घेऊन कातळावर आपटतो ते वेगळेच.

कॉम्पॅक्ट घेतला म्हणूनही जिन्याच्या मधोमध एक हात सोडून छायाचित्रे काढू नयेत. खाली माणसे असतात आणि तीनशे ग्रॅमची वस्तू त्या उंचीवरून कोणाच्या डोक्यात पडली तर काय होईल, हे सांगायला नको. पहिला जिना संपून कड्याच्या पोटातली आडवी वाट सुरू होते, तिथे पाय पक्के रोवता येतात. मनगटात दोरी अडकवावी आणि तिथूनच काढावीत.

धावती_पाऊले

आजचे चांगले फोन पाहता वेगळा कॅमेरा हवाच कशाला, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

पहाटवारा

धावती_पाऊले, उजेडात तुमचे म्हणणे पुष्कळ अंशी खरे आहे. पण डोंगरात माझा फोन म्हणजे नकाशा आणि संकटकाळी मदत मागण्याचे साधन आहे. त्याची बॅटरी छायाचित्रांवर संपवणे आणि कड्याच्या काठावर तो हातात नाचवणे मला पटत नाही. पावसात ओल्या बोटांना पडदा नीट दाद देत नाही, कॅमेऱ्याचे बटण मात्र दाबले की दाबले जाते. फोन अनेक चित्रे जोडून एक चित्र बनवतो, ते पडद्यावर सुंदरच दिसते. मोठे छापले की गवताची पाती एकमेकांत मिसळून पुसल्यासारखी झालेली दिसतात. कातळपायरींना भिंतीवर लावायचे आहे, हे आपण विसरू नये.

प्रकाशमिती

पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने देण्यापेक्षा हिशेब मांडलेला बरा.

डी७२०० चा सेन्सर २३.५ बाय १५.६ मिमीचा, म्हणजे सुमारे ३६६ चौरस मिमी. एक इंची म्हणवल्या जाणाऱ्या सेन्सरचे माप १३.२ बाय ८.८ मिमी, म्हणजे ११६ चौरस मिमी. (त्यात कुठेही एक इंच सापडत नाही. जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून हे नाव चिकटले आहे.) म्हणजे डीएसएलआरचा सेन्सर तिपटीहून थोडा मोठा झाला. इथवर जुनी_लेन्स यांची बाजू भक्कम आहे.

पण सेन्सरवर प्रकाश लेन्समधून येतो, आणि एफचा आकडा जितका लहान तितकी लेन्स जास्त उघडते. धागाकर्त्यांची १८-१४० लेन्स तिच्या रुंद टोकाला एफ/३.५ पर्यंतच उघडते. एक इंची कॅमेऱ्यांपैकी कॅननच्या जी७ एक्स मार्क थ्रीची किंवा सोनीच्या आरएक्स१०० च्या पाचव्या आवृत्तीची लेन्स तिथे एफ/१.८ पर्यंत उघडते. या दोन आकड्यांच्या भागाकाराचा वर्ग केला तर सुमारे ३.८ येतो. म्हणजे सेन्सर तिपटीने लहान असला तरी त्याच्या प्रत्येक चौरस मिलिमीटरवर जवळजवळ चौपट प्रकाश पडतो, आणि एकूण गोळा होणारा प्रकाश डीएसएलआरपेक्षा किंचित जास्तच भरतो. पहाटे रुंद चौकटीत काढलेल्या चित्रांत दोघांच्या कणीत डोळ्याला जाणवेल एवढा फरक पडण्याचे कारण नाही.

हे सगळ्या कॉम्पॅक्टना लागू नाही. आरएक्स१०० च्या सातव्या आवृत्तीत २४ ते २०० इतका लांब झूम आहे, पण तिची लेन्स एफ/२.८ पासून सुरू होते; तिथे डीएसएलआर साधारण एका स्टॉपने, म्हणजे दुप्पट प्रकाशाने, पुढे राहतो. आणि त्याच डीएसएलआरवर ३५ मिमी एफ/१.८ लावली तर तो दीड स्टॉपहूनही अधिक पुढे जातो. तेव्हा 'कॉम्पॅक्ट की डीएसएलआर' असा प्रश्न न घालता 'कोणती लेन्स आणि कोणता सेन्सर' असा घालावा.

लहान सेन्सरचा एक लाभही आहे. त्याच्यावर एफ/४ ठेवले की डी७२०० वर एफ/७ ला मिळावी तितकी खोली सुस्पष्ट येते. समोरचे गवत आणि मागचा डोंगर दोन्ही हवे असतील, तर छिद्र फार लहान करावे लागत नाही. एफ/५.६ च्या पलीकडे मात्र जाऊ नये. प्रकाशाच्या विवर्तनामुळे चित्र मऊ पडू लागते.

जुनी_लेन्स

प्रकाशमिती यांचा हिशेब मी दोनदा तपासला आणि तो बरोबर आहे. किट लेन्सची (कॅमेऱ्यासोबत मिळणाऱ्या झूमची) तुलना मी त्या दृष्टीने कधी केली नव्हती. सावल्या वर काढण्याबद्दलचे माझे मत तरीही कायम आहे, कारण मंद आयएसओवर (प्रकाशाची संवेदनशीलता कमी ठेवून) भर उजेडात काढलेल्या चित्रात लेन्स किती उघडते याला महत्त्व नसते. तिथे मोठा सेन्सर अधिक प्रकाश साठवू शकतो आणि त्याचा लाभ मिळतोच. आणि सॅक_आणि_दोर, गळ्यातल्या कॅमेऱ्याबद्दलची तुमची हरकत मान्य. मी बहुतेक पठारावर आणि लेण्यांत काम करतो, त्यामुळे तो धोका माझ्या ध्यानात आला नाही.

रानफूल

पावसाबद्दल मी लिहिते. अंजनेरीच्या पठारावर पावसाळ्यात मी वनस्पतींची छायाचित्रे घेते. तिथल्या कंदीलपुष्पाच्या एका जातीला अंजनेरीचेच नाव मिळाले आहे आणि तिची शास्त्रीय नोंद २००६ सालची आहे. फूल लहान असते, गवतात दडलेले असते आणि ते फुलते तेव्हा पठारावर पाऊस, धुके आणि चिखल यांशिवाय काही नसते.

तिथे मी ऑलिंपसचा टीजी-६ वापरते. तो पाण्याखाली पंधरा मीटरपर्यंत चालतो, २.१ मीटरवरून पडणे सोसतो आणि लेन्सपासून एक सेंटिमीटरवर फोकस करतो. चिखलाने माखला की मी तो सरळ ओढ्यात धुते. त्याचा झूम आतल्या आत फिरतो, लेन्स बाहेर येत नाही, म्हणून धूळ आणि पाणी शिरायला वाटच नाही. सेन्सर मात्र १/२.३ इंची, म्हणजे वर सांगितलेल्या एक इंचीच्याही चौथ्या हिश्शाएवढा असतो. पहाटेच्या दृश्यासाठी तो घेऊ नये. पण पावसाळ्यात जो कॅमेरा पिशवीबाहेर काढता येतो, त्यानेच काम होते.

एक विनंती विषयाला धरूनच करते. चांगला कोन साधण्यासाठी पठारावर लोळण घेऊ नका. एका फुलाच्या छायाचित्रापायी शेजारची चार रोपे चिरडलेली मी पाहिली आहेत आणि ते पाहून फार वाईट वाटते.

बारीक_स्क्रू

मी कॅमेरे दुरुस्त करतो, म्हणून धुळीबद्दल लिहितो.

ज्या कॉम्पॅक्टची लेन्स सुरू करताना बाहेर सरकते, तो कॅमेरा दर वेळी थोडी हवा आत ओढतो. हवेबरोबर धूळ जाते आणि कालांतराने सेन्सरवर बसते. डीएसएलआरमध्ये लेन्स काढून ती घरी झटकता येते. कॉम्पॅक्टमध्ये त्यासाठी सगळा कॅमेरा उघडावा लागतो आणि ते काम घरी करण्याजोगे नाही. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्पॅक्टमध्ये दुसरा नेहमीचा दोष असतो तो लेन्स अर्धवट बाहेर अडकण्याचा. बहुतेक वेळा एखादा वाळूचा कण दात्यांत गेलेला असतो किंवा खिशात असताना बटण दाबले जाऊन लेन्स कापडाला अडलेली असते. म्हणून कॅमेरा उघड्या खिशात ठेवू नका, घट्ट झाकणाच्या पाऊचमध्ये ठेवा आणि पाऊच महिन्यातून एकदा उलटा करून झटका.

बुरशीचे म्हणाल तर हवेतली आर्द्रता सतत साठ टक्क्यांच्या वर राहिली की लेन्समध्ये ती धरू लागते. पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत घालून कपाटात ठेवणे सर्वांत वाईट. घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारे लहान घड्याळ, एवढे पुरते. थंड एसीच्या गाडीतून उतरून लगेच दमट हवेत कॅमेरा काढू नका. तो बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या, म्हणजे काचेवर दव धरणार नाही.

पाणथळ

इथे सगळे गडांबद्दल बोलत आहेत म्हणून एक वेगळी बाजू मांडतो. मी हिवाळ्यात नांदूर मध्यमेश्वरला जातो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे हे पाणथळ रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, आल्याचे २०२० मध्ये जाहीर झाले आणि महाराष्ट्रातले ते पहिले. चापडगावच्या मनोऱ्यावरून थापट्या किंवा तलवार बदक टिपायचे असेल, तर ७० किंवा १०० मिमीचा कॉम्पॅक्ट काही कामाचा नाही. पाण्यावर चार ठिपके दिसतील. निकॉनच्या पी९०० सारखे २००० मिमीपर्यंत पोहोचणारे कॅमेरे आहेत, पण त्यांचे वजन ८९९ ग्रॅम आणि सेन्सर टीजी-६ एवढाच लहान. म्हणून कातळपायरी यांना सुचवतो की काहीही घ्या, ७०-३०० लेन्स आणि डी७२०० विकू नका.

जुने_रोल

हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, हे वाचून आपल्याला बरे वाटावे. ऑस्कर बार्नाक हे जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीतले तंत्रज्ञ. त्यांना दम्याचा विकार होता आणि भटकंतीची आवड होती; काचेच्या पट्ट्यांचा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपत नसे. चित्रपटाच्या ३५ मिमी फिल्मवर चालणारा खिशात मावेल असा कॅमेरा त्यांनी पहिल्या महायुद्धाच्या सुमारास घडवला आणि १९२५ मध्ये तो लायका या नावाने बाजारात आला. त्या काळीही इतक्या लहान फिल्मवर चित्र चांगले येणारच नाही, असे म्हणणारे होते.

आणि २९ मे १९५३ रोजी एव्हरेस्टच्या माथ्यावर तेनझिंग यांचे बर्फकुऱ्हाड उंचावलेले जे छायाचित्र हिलरी यांनी घेतले, ते कोडॅक रेटिना या घडी होणाऱ्या लहान कॅमेऱ्यातले आहे. तो त्यांनी जुना, वापरलेला विकत घेतला होता आणि थंडीने गारठू नये म्हणून कपड्यांच्या आत ठेवून नेला होता.

कातळपायरी

इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने उत्तरे मिळतील असे वाटले नव्हते. एका सहकाऱ्याकडे २४-७० मिमी, एफ/१.८ पासूनची लेन्स असलेला आणि लहानसा व्ह्यूफाइंडर वर येणारा कॉम्पॅक्ट आहे. तो पुढच्या महिन्यात साल्हेरसाठी मागून घेतो आणि मग इथे येऊन लिहितो.

कातळपायरी (पाच आठवड्यांनंतर)

साल्हेर करून आलो. वाघांबे गावातून अंधारात निघून साल्हेर आणि सालोटा यांच्यामधल्या खिंडीत पोहोचलो, तेव्हा नुकते तांबडे फुटत होते. कॅमेरा छातीवरच्या पाऊचमध्ये होता. तिथून वरच्या दरवाजांकडे जाणाऱ्या खोदीव पायऱ्यांवर, पाय पक्के रोवून, मनगटात दोरी अडकवून मी पाच-सहा वेळा तो काढला. सोबतच्या काकांनी आधारासाठी कातळावर टेकवलेला पंजा आणि बोटांच्या फटीतून दिसणारा खालचा बागलाण, असे एक छायाचित्र मिळाले आहे. अकरा वर्षांत चालता चालता काढलेले माझे हे पहिलेच म्हणता येईल. आधीची सगळी थांबून, सॅक उतरवून काढलेली आहेत आणि त्यांत माणसे नेहमी कॅमेऱ्याकडे पाहत उभी असतात.

पहाटेच्या चित्रांबाबत प्रकाशमिती यांचा हिशेब तंतोतंत उतरला. गंगासागर तलावाजवळच्या गुहेतून बाहेरचे उजळ आकाश धरून काढलेल्या चित्रात मात्र गुहेच्या भिंती वर काढताच कणी आली. तिथे जुनी_लेन्स बरोबर ठरले. परशुरामाच्या मंदिराजवळून मांगी-तुंगी स्पष्ट दिसत होते, पण ७० मिमीमध्ये ते दोन सुळके नखाएवढे आले आणि त्या क्षणी जुन्या लेन्सची आठवण झाली. व्ह्यूफाइंडरचा भर दुपारी इतका उपयोग झाला की तो नसलेला कॅमेरा मी घेणार नाही. १४५० मीटरच्या पुढे वाऱ्याने हात गारठले होते आणि लहान बटणे नीट कळत नव्हती, हेही नोंदवतो.

पंजाचे छायाचित्र १२ बाय १८ वर छापून घेतले आणि हरिहरच्या माथ्यावरच्या जुन्या चित्राशेजारी ठेवले. दोन हातांवरून पाहताना मला दर्जात फरक दिसला नाही. कागदाला नाक लावले की साल्हेरच्या चित्रात सावल्या किंचित खरखरीत आहेत.

निर्णय असा केला आहे की १८-१४० लेन्स विकायची, डी७२०० आणि ७०-३०० नांदूर मध्यमेश्वरसाठी ठेवायचे आणि गडांसाठी असाच २४-७० चा कॉम्पॅक्ट घ्यायचा. २०० मिमीपर्यंतचा मोह झाला होता, पण मला दूरचे सुळके नव्हे, पुढे चालणारी माणसे हवी आहेत. नवा परवडत नाही, वापरलेला पाहतो आहे. बारीक_स्क्रू, घेताना काय तपासू?

बारीक_स्क्रू

आधी झूम पूर्ण आत-बाहेर दहा वेळा करा आणि कानाजवळ धरून ऐका. आवाज सारखा हवा, कुठे अडखळता कामा नये. मग झूम पूर्ण लांब करून, छिद्र सर्वांत लहान ठेवून मोकळ्या आकाशाचे छायाचित्र घ्या आणि पडद्यावर मोठे करून कोपऱ्यांपासून मध्यापर्यंत पाहा. धूळ असेल तर करडे ठिपके दिसतील. लेन्सवर तिरपा टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर ती बुरशी, तो कॅमेरा घेऊ नका. खालच्या स्क्रूंच्या खाचा झिजलेल्या असतील तर तो आधी कोणी तरी उघडलेला आहे, असे समजा आणि का उघडला ते विचारा. शेवटी सेकंदाच्या पंधराव्या भागाला हातात धरून पाच चित्रे घ्या. पाचही हललेली आली तर स्थिरीकरणात दोष आहे.

तुम्ही कॅमेरा पक्का करण्याआधी रविवारी सकाळी दुकानात घेऊन या. मी पाहून देतो, आणि ते पंजाचे छायाचित्रही आणा.